मॅलकीने दिलेले शब्द

बाबांना जाऊन महिना झाल्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपून मंडळी घरी आली आणि डर्व्हलाच्या अंगावरचा कोट उतरायच्या आत चहाची मोठी किटली तिच्या हातात आली. मग ती तिने खाली ठेवलीच नाही. एका जागी बसलं की कुणीतरी शेजारी सरकणार, आवाज खाली आणणार आणि विचारणार, आज संध्याकाळी हॉटेलात कुणाचं नाव पुढे येणार? चहा ओतत फिरणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही, असा तिचा अंदाज होता. तो पहिल्याच खुर्चीपाशी चुकला.

"डर्व्हला, इकडे ये गं." नोरा गिलहूलीने तिचं मनगट धरलं ते सोडेचना. "तुझ्या बाबांना वर चांगली जागा मिळाली असेलच, त्यात मला शंका नाही. पण आमच्या वळणावरच्या दिव्याचं काय? चाचपडत दारापर्यंत जावं लागतं मला. मॅलकीने शब्द दिला होता हो. ह्याच खुर्चीत बसून."

"बघते हं, मिसेस गिलहूली."

"बघते नको म्हणूस. बघतो बघतो म्हणतच तो गेला."

पलीकडे पॅकी शिव्हननने हॅमच्या सँडविचचा घास गालात सारला. "दिव्याचं काय घेऊन बसलीस, नोरा? माझ्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय. मेंढ्या सोडल्या तर पोट भरून परत येतील. आणि ती रस्त्याखालची मोरी! ह्या हिवाळ्यात पाणी पार गोठ्यात शिरलं."

"तिचाही शब्द दिला होता का बाबांनी?" डर्व्हलाने विचारलं.

"दोनदा," पॅकी म्हणाला आणि कप पुढे केला.

मॅलकी टार्पीला जाऊन महिना झाला होता. तीसेक वर्षं तो काउंटी कौन्सिलात, म्हणजे जिल्हा परिषदेत, क्लूनार्ड गावाच्या वतीने बसला. त्याच्या आधी त्याच खुर्चीत त्याचे वडील मार्टिन होते. निवडून आलेला माणूस मुदतीच्या मध्येच गेला तर तिथे पुन्हा निवडणूक होत नाही. पक्षाची गावातली मंडळी जमतात, एक नाव ठरवतात आणि कौन्सिल ते मुकाट्याने घेतं. नाव टार्पीचं असणार ह्याबद्दल गावात दुमत नव्हतं. कुठल्या टार्पीचं, एवढंच राहिलं होतं.

थोरली डर्व्हला की धाकटा फिंटन. बापाची नजर अधू झाल्यापासून त्याची गाडी चालवली ती डर्व्हलाने. शाळेच्या ऑफिसातली नोकरी तिने त्यापायी अर्ध्या दिवसावर आणली होती. लोकांचे फोन ती घ्यायची, कौन्सिलच्या अधिकाऱ्यांच्या मागे ती लागायची. फिंटन मेन स्ट्रीटवर हार्डवेअरचं दुकान चालवायचा, निवडणुकीला पोस्टर लावायला शिडी घेऊन यायचा आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाशी फुटबॉलवर बोलू शकायचा. म्हणून गाव त्याच्याकडे बघत होतं.

आणि ह्या वेळी नुसतं नाव ठरवून भागणार नव्हतं. मेन स्ट्रीटच्या मागे गुरांच्या जुन्या बाजाराचं आवार होतं. बाजार कधीचा बंद पडला, आत गंजलेले कठडे आणि पुरुषभर खाजकुयली. ती जागा कौन्सिलने घेतली आणि वसंतात वाचनालयात नकाशे लावून गावाचं मत मागवलं, इथे काय करावं? गावाने पोतंच रिकामं केलं. गाड्या लावायला जागा करा. स्वच्छतागृह बांधा, आहे त्याचं कुलूप काढा. कुत्र्यांच्या घाणीचा बंदोबस्त करा. दफनभूमीतलं गवत कापा. शाळेच्या पोरांनी एकजात पोहण्याचा तलाव मागितला. घरं? घरं तर हवीतच हो, पोरं राहणार कुठे. पण ती गावाच्या मध्यावर कशाला, बाहेर बांधा की. डर्व्हला त्या वेळी बापाशेजारी वाचनालयात बसली होती. बाप प्रत्येकाला म्हणत होता, अगदी बरोबर बोललात.

आता सोमवारी त्यावर कौन्सिलात मतदान होतं. गाड्या की घरं, एवढेच दोन पर्याय उरले होते आणि दोन्ही बाजू अगदी तोलामोलाच्या होत्या. मॅलकीच्या खुर्चीत जो बसेल त्याच्या हातावर सगळं ठरणार होतं.

खिडकीपाशी ऊना मॅकहेल उभी होती. औषधांचं दुकान तिचं आणि व्यापारी मंडळही तिच्याच मुठीत. तिने कप पुढे केला नाही.

"फिंटनचं नाव पक्कं ना?"

"संध्याकाळी कळेल, ऊना."

"आपल्यात आडपडदा नको. गावाबाहेरून बायपास रस्ता झाल्यापासून दिवसाला किती माणसं माझ्या दारात येतात ते तू बघतेस. लोकांना गाडी दुकानासमोर लावता आली नाही, तर ते सरळ बाहेरच्या मोठ्या सुपरमार्केटला जातात. खाटीक गेला. बेकरी गेली. पुढचा नंबर माझा की तुमच्या फिंटनचा, एवढंच. तुझे बाबा माझ्या काउंटरला टेकून म्हणाले होते, ऊना, त्या आवारात गाड्याच लागतील, माझा शब्द."

डर्व्हला त्या दिवशी बाहेर गाडीत बसली होती. बाप खोकल्याचं औषध घेऊन आला होता आणि म्हणाला होता, ऊना बरी आहे.

तिला ओसरीत थोडी हवा घ्यायची होती. तिथे ईफा भेटली, फिंटनची मुलगी, खांद्यावर लहानगी रोशीन. ईफा, तिचा किलियन आणि ही पोर दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होती, रंगाचे डबे आणि कुंपणाच्या तारांची भेंडोळी ह्यांच्या शेजारी.

"आत्या, आज तू उभी राहणार आहेस की नाही?"

"कुणी विचारलंय मला?"

"मी विचारतेय. आजोबांनी किलियनच्या समोर शब्द दिला होता, रोशीन चालायला लागायच्या आत त्या आवारात घरांचा पाया घातलेला दिसेल."

डर्व्हलाला हसू आलं आणि त्याच क्षणी किटली भिंतीवर आपटावीशीही वाटली. बापाने अख्ख्या गावाला शब्द वाटले होते, पोरांना गोळ्या वाटाव्यात तसे. आणि कुणाच्या हातातली गोळी काढून घ्यायची वेळ यायच्या आत तो निघून गेला होता.

"डर्व्हला!" आतून कोल्मन काकांची हाक आली. "स्वयंपाकघरात ये जरा."

कोल्मन मॅलकीचा धाकटा भाऊ. पक्षाची गावातली शाखा त्याच्या खिशात होती. त्याने दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून उभा राहिला, जणू कुणी पळून जाणार होतं. सिंकपाशी फिंटन टायची गाठ सैल करत होता. त्याची बायको शिनेड फळांच्या केकच्या चकत्या पाडत होती.

"थोडक्यात सांगतो," कोल्मन म्हणाला. "बाहेर लोक बसलेत. नाव मी मांडतो, फिंटनचं. अनुमोदन ऊना देईल. डर्व्हला, तू फोन घेशील, पत्रं लिहिशील, आजवर केलंस तसंच. म्हणजे काही बदलायला नको."

"काही बदलायला नको," डर्व्हला म्हणाली. "मला विचारायलाही नको."

"त्यात विचारायचं काय, पोरी? मॅलकीनेच सांगून ठेवलंय. हॉस्पिटलात मी त्याच्या उशाशी होतो. म्हणाला, जागा फिंटनला. मी हात धरून हो म्हटलं."

किटली शेवटी टेबलावर आदळली. झाकण उडालं.

"काका, मला ते गाडीत म्हणाले होते. चर्चच्या फाटकाशी गाडी उभी होती, पाऊस होता, म्हणाले, माझ्यामागे हे तुझंच आहे, काम तूच करतेस. मी काही मागितलं नव्हतं त्यांच्याकडे. ते आपणहून बोलले."

कोल्मनने फिंटनकडे पाहिलं. फिंटन जमिनीकडे बघत होता.

"मलाही म्हणाले," तो हळूच म्हणाला. "दुकानात येऊन. तुलाच द्यायचंय, पण डर्व्हलाला इतक्यात बोलू नकोस."

"मला म्हणाले, फिंटनला इतक्यात बोलू नकोस."

 मग शिनेडने हातातली सुरी खाली ठेवली, फडक्यात तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले. "देवा रे देवा," ती फडक्यातूनच म्हणाली. फिंटनला हसू फुटलं. डर्व्हलालाही आवरेना. कोल्मनसुद्धा मिशीत हसला, पण लगेच खाकरून गंभीर झाला.

"झालं हसून?"

मागच्या दारात त्यांची आई, कन्सेप्टा, उभी होती. पाहुण्यांनी तिचा हात धरून धरून चेपून टाकला होता, म्हणून ती अंगणात जाऊन आली होती. काळ्या पोशाखात ती आणखी लहान दिसत होती.

"मग माझंही ऐका. मला त्याने शब्द दिला होता, ही मुदत संपली की जागा ह्या घरातून जाईल. लग्न होऊन आले त्या आठवड्यात ह्या टेबलाशी एक बाई रडत बसली होती, तिचं छत गळत होतं. तेव्हापासून कुणाचं ना कुणाचं छत गळतंच आहे. ह्या स्वयंपाकघरात मी एकटीने बसून कधी चहा प्यायलेले नाही. मला आता ते हवंय. तुम्ही दोघांपैकी कुणीच जाऊ नका."

"आई, असं कसं?" दोघंही एकदमच म्हणाले.

"बघा," कन्सेप्टा म्हणाली. "एकमत झालं."

"आई, ऐक तरी." फिंटनने तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. "आपण जागा सोडली तर ती शेजारच्या कॅरिगन गावच्यांकडे जाईल. त्यांना क्लूनार्डचं काय पडलंय? आपल्या रस्त्यावर खडीची एक पाटी पडणार नाही."

"तो म्हणतोय ते खरं आहे," डर्व्हला म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. आईच्या विरुद्ध ती भावाच्या बाजूने कधी उभी राहिली होती हे तिला आठवेना. पण ते टिकलं नाही. तिला विचारल्याशिवाय राहवेना. "फिंटन, सोमवारी काय करशील?"

"गाड्या. दुसरं काय?"

"आणि घरं?"

"घरं गावाबाहेरही होतील. दुकानं गावाबाहेर होत नाहीत, डर्व्हला. झाली की गाव संपतं. शनिवारी सकाळी मेन स्ट्रीटवर उभी राहा आणि मोज किती दारं उघडी आहेत ते. मी काय हौसेने बोलतोय?"

"गाड्या लावतील, पण उतरणार कोण? शाळेत पहिलीच्या वर्गात ह्या वर्षी पोरं किती आली माहितीये तुला?"

"शाळेचं मला सांगू नकोस. तू पगारावर आहेस. माझं दुकान बंद पडलं तर मला शाळा पगार देणार आहे का?"

"हे बघा, आवाज," कोल्मन म्हणाला. "लोक ऐकतील."

त्याच्या पाठीमागचं दार ढकललं गेलं आणि तो पुढे धडपडला. ईफा आत आली. तिला बाळाची बाटली गरम करायची होती. ती किती वेळ दाराशी होती कोण जाणे.

"करा की, बाबा, गाड्याच करा," ती म्हणाली. "आम्ही बघायला नसू."

"म्हणजे?"

"ऑस्ट्रेलियात, पर्थला चाललोय. किलियनला तिकडे वायरिंगचं काम मिळालंय. पुढच्या महिन्यात."

फिंटन बायकोकडे वळला. शिनेड केककडे बघत होती, पण तिचा चेहरा लपत नव्हता.

"तुला माहीत होतं?"

"तिची आई आहे मी."

"मी कोण आहे मग?"

"तू महिनाभर बापाच्या दुःखात होतास. कधी सांगणार होती ती?"

फिंटनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ईफा, त्या आवारात घरं झाली तरी तुला मिळतील असं वाटतं का? तुझ्यापुढे अर्धा जिल्हा रांगेत आहे."

"माहितीये. मी माझ्यासाठी म्हणत नाहीये, माझं ठरलंय. माझ्या वर्गातल्या सगळ्या गेल्या, मीच मूर्खासारखी थांबले होते. आता तुमच्या गाड्या लावायला भरपूर जागा होईल, बाबा. त्या लावायला माणसं उरतात का, तेवढं बघा."

"आणि दुकान उठलं, रस्ता उठला, तर परत कशाला येशील तू? काय बघायला?"

 रोशीन रडायला लागली. कन्सेप्टाने पणतीला घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

डर्व्हलाला तिथे थांबवेना. सगळे बरोबर बोलत होते, तेच तिला सहन होत नव्हतं. फिंटनचं बरोबर, ईफाचं बरोबर, आईचं तर सर्वांत जास्त. बाप असता तर त्याने एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला असता, अगदी बरोबर बोललात म्हणाला असता आणि सगळे शांत होऊन चहा प्यायले असते. ती कोल्मनच्या बाजूने वाट काढत बाहेर पडली आणि रिकाम्या हाताने बैठकीच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. तिचा आवाज शाळेच्या लाउडस्पीकरवर येतो तसा आला. पॅकीने चावणं थांबवलं. "माझ्या बाबांनी तुमच्यापैकी काहींना शब्द दिला होता, बाजाराच्या आवारात गाड्या लागतील. काहींना शब्द दिला होता, घरं होतील. दोन्ही होणार नाहीत. आज संध्याकाळी मीही उभी राहतेय. मला निवडलंत तर सोमवारी मी घरांच्या बाजूने हात वर करीन. मागाहून कुणी म्हणू नये की सांगितलं नव्हतं."

 कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला.

"मॅलकीची महिन्याची मिस्सा आहे आज," ऊना म्हणाली. "त्याच्या घरात, त्याच्याबद्दल असं बोलायचं?"

"मला ते फार आवडायचे, ऊना. तरी हे खरं आहे."

"आणि माझी मोरी?" पॅकीने विचारलं.

"मोरीचा शब्द देत नाही. रस्ते खात्यात विचारीन, ते काय म्हणाले ते तुम्हाला सांगीन."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणाले असं सांगीन."

पॅकीने विचार केला. "मग तुझा उपयोग काय?" तो म्हणाला. त्यात खोच नव्हती, खरंच विचारत होता. 

ऊनाने हातमोजे चढवले. तिच्यामागे बरेच जण उठले. नोरा गिलहूली मात्र बसून राहिली, तिला अजून केकची चकती मिळाली नव्हती.

संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दालनात शनिवारच्या लग्नातले फुगे अजून छताला चिकटलेले होते. कोल्मनने फिंटनचं नाव मांडलं, ऊनाने अनुमोदन दिलं. डर्व्हलाचं नाव मांडायला कोण उठणार म्हणून लोक माना वळवत होते, तोवर शिनेड उठली. नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीतून उठून तिने नणंदेचं नाव मांडलं आणि पुन्हा नवऱ्याशेजारी बसली. दालनात कुजबुज उठली. फिंटन समोर बघत राहिला. वाचनालयातल्या एका बाईने अनुमोदन दिलं.

डर्व्हलाने दुपारचंच पुन्हा सांगितलं. मग फिंटन उभा राहिला. खिशातला कागद त्याने काढला आणि न उघडता परत ठेवला.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "बाबांनी दिलेला शब्द मी पाळीन. एवढंच."

टाळ्या कडाडल्या. प्रत्येकाने आपापला शब्द ऐकला होता. व्यापाऱ्यांनी गाड्या ऐकल्या, नोरा गिलहूलीने दिवा, पॅकीने मोरी. मतांत काही चुरस राहिलीच नाही. लोक फिंटनच्या पाठीवर थापा मारत होते आणि डर्व्हला खुर्च्या उचलून भिंतीला लावत होती, कारण हात मोकळे ठेवणं तिला जमेना. कोल्मन जवळ येऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस." तिने आणखी एक खुर्ची उचलली.

कन्सेप्टा हॉटेलात आलीच नाही. डर्व्हला घरी परतली तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटी चहा पीत बसली होती. लेकीने काही सांगायच्या आधी तिने चेहऱ्यावरून ओळखलं. "बरं झालं," ती म्हणाली. डर्व्हलाने तिला जन्मात कधी दिलं नसेल असं उत्तर दिलं आणि दार आपटून निघून गेली.

सोमवारी ती जिल्ह्याच्या गावी कौन्सिलात जाणार नव्हती. शाळेत सुट्टी मागितली नव्हती. अकराच्या सुमारास तिने कोट घातला, मुख्याध्यापिकेला म्हणाली, दात दुखतोय, आणि गाडी काढली.

प्रेक्षकांच्या बाकांवर पुढे व्यापारी होते, मागे किलियन आणि त्याच्यासारखी तरुण जोडपी. डर्व्हला दाराशी उभी राहिली. फिंटनचं स्वागत झालं, बापाबद्दल चार चांगले शब्द बोलले गेले, सगळे मिनिटभर उभे राहिले. नव्या सुटात त्याची मान अवघडल्यासारखी दिसत होती. समोरच्या पेल्यातलं पाणी तो दोनदा प्यायला.

बाजाराच्या आवाराचा विषय निघाला तेव्हा एक म्हातारे सदस्य उठले. इतका नाजूक प्रश्न आहे, त्यांनी सांगितलं, तर घाई कशाला? क्लूनार्डच्या रहिवाशांचं मत पुन्हा एकदा घ्यावं, नव्याने, सविस्तर. शरद ऋतूत बघू.

 ही बापाची वाट होती. बापाने आयुष्यभर हेच केलं होतं. हात वर करायची वेळ आली की तो मत मागवायला सुचवायचा, आणि पुढच्या वेळी तेच लोक तेच सांगायचे, आणि तो त्यांना म्हणायचा, बरोबर बोललात. फिंटनने नुसती मान डोलावली तरी भागणार होतं. कुणाशीच वाकडं आलं नसतं.

"नको," फिंटन म्हणाला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "श्री. टार्पी?"

"मत घेतलंय." त्याचा आवाज चिरकला. त्याने पुन्हा सुरुवात केली. "गावाने सांगितलंय. गाव दर वेळी सांगतं. त्यांना सगळंच हवंय आणि त्यात त्यांची काही चूक नाही, मलाही सगळंच हवंय. पण निवडायचं त्यांनी नाही, आपण. नाहीतर आपल्याला इथे बसवलंय कशाला?"

मतदान झालं. गाड्यांच्या बाजूने हात वर झाले, फिंटनचा झाला नाही. ऊना बाकावरून अर्धवट उठली. घरांच्या बाजूने हात वर झाले. फिंटनचा सर्वांत शेवटी गेला, खांद्यापर्यंतच, जणू वर कुठेतरी लागेल. पण गेला. त्या एका हाताने ठराव पास झाला.

मग गलका उठला. कुणी ओरडलं, दगाबाज. कुणी मॅलकीचं नाव घेऊन म्हणालं, बापाचा शब्द विकलास. मागच्या बाकांवर किलियन डोकं हातात धरून बसला होता, हसतोय की रडतोय कळत नव्हतं. डर्व्हला बाहेर पडली.

फिंटन तिला मागच्या अंगणात सापडला, दुकानाच्या व्हॅनपाशी. वारा होता. तो किल्ली हातात धरून उभा होता.

"मी लोकांना तोंडावर सांगितलं म्हणून हरले," ती म्हणाली. एवढ्या वाटेवर तिने जुळवलेली वाक्यं भलतीच होती. "तू गुळमुळीत बोललास म्हणून जिंकलास."

"हो."

"हॉटेलात उभा राहिलास तेव्हाच ठरवलं होतंस?"

"नाही. हात वर जाईपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं."

खरं असेलही. नसेलही. त्याच्या तोंडाकडे पाहून तिला ठरवता येईना.

"बाबांनी पुढे ढकललं असतं," ती म्हणाली.

"माहितीये. मला फार इच्छा झाली होती."

"ऊना तुझ्या दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही. तिच्या मागचेही नाही."

"रंग घ्यायला जाणार कुठे?" तो म्हणाला, पण ते हसण्यासारखं झालं नाही. दोघांनाही माहीत होतं, रंग कुठे मिळतो ते.

"आणि ईफा थांबणार नाही, फिंटन. ह्यामुळे तर नाहीच."

"तिकिटं दाखवली तिने मला. रोशीनचंही वेगळं तिकीट असतं, माहितीये? एवढ्याशा पोरीचं." त्याने किल्ली खिशात टाकली. "ती नाही थांबणार. दुसऱ्या कुणाची तरी थांबेल."

 डर्व्हला अजून रागावलेली होती. तिने तसं सांगितलं.

"राहा," तो म्हणाला. "हक्क आहे तुझा."

इमारतीच्या दारातून ऊना मॅकहेल बाहेर आली, मागे व्यापारी मंडळाची माणसं. तिने इकडेतिकडे पाहिलं, व्हॅन ओळखली आणि सरळ त्यांच्या रोखाने चालायला लागली. फिंटनने टायची गाठ वर सरकवली.

"तू जा," तो म्हणाला. "तुझा ह्यात काही संबंध नाही."

"नाहीच," डर्व्हला म्हणाली आणि त्याच्या शेजारी व्हॅनला पाठ टेकून उभी राहिली.